कोंडवाडा आणि जॅमर

एरवीं आमचें देवरूख शांत गांव आहे. तालुक्याला नांव संगमेश्वराचें, पण कचेऱ्या देवरूखास. त्यामुळें सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून कॉलेजांतील प्रवेशापर्यंत सगळा तालुका येथें येऊन उतरतो, आणि तरीहि दुपारीं दोन वाजतां पेठेंतून जाणाऱ्या माणसाला आपल्याच वहाणांचा आवाज ऐकूं येतो. हें चित्र गौरी-गणपतीच्या आदल्या दोन-चार दिवसांत पार पालटतें. मुंबईकर चाकरमानी आपापल्या मोटारी घेऊन महामार्गावरून संगमेश्वरास वळतात, साखरप्याच्या बाजूनें कोल्हापूरकडचीं वाहनें येतात, आणि या दोन्ही प्रवाहांची गांठ आमच्या पेठेंत पडते. जो तो दुकानाच्या पायरीला चाक टेकवून उतरतो. मखराचें सामान, पत्री, तांदुळाची पिठी घेतो. वाटेंत एखादा वर्गबंधु भेटला तर त्याच्या घरीं चहाहि घेतो. मागें एस्. टी. ची गाडी उभी असते. तींत पाठीवर दप्तर घेतलेलीं पोरें असतात, दवाखान्यांतून परतणाऱ्या म्हाताऱ्या असतात, आणि चालक हॉर्न वाजवून वाजवून अखेर यंत्र बंद करून बसतो.

अशा एका दुपारीं एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही पांच-सहा जण उभे होतों. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, एक औषधविक्रेते, असे सगळे शिकलेसवरलेले. त्या सभेंत एकमतानें ठराव झाला कीं, आतां जॅमर आणल्यावांचून गत्यंतर नाहीं. नगरपंचायतीनें नियम करावा, पोलिसांनीं चाकाला कुलूप ठोकावें, आणि या मुंबईवाल्यांना एकदां तरी दोन तास उन्हांत उभे करावें. खोटें कशाला बोलूं? त्या ठरावाला मीहि मान डोलावली. उन्हांत उभे करण्याचें कलम तर मला विशेष आवडलें होतें.

तें मत मी आज मागें घेत आहें, आणि कां घेत आहें तें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

प्रथम हा जॅमर म्हणजे काय पदार्थ आहे तें पाहूं. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरांत फ्रँक मॅरुग नांवाचे गृहस्थ होते. शहरच्या वाद्यवृंदांत ते व्हायोलिन वाजवीत आणि ओतकामाचे साचे करण्यांतहि त्यांचा हात बसलेला होता. त्यांनीं मोटारीच्या चाकाला जखडून टाकणारा एक लोखंडी जबडा बनविला. १९५५ च्या जानेवारींत त्या शहरच्या पोलिसांनीं तो वापरण्यास प्रारंभ केला. १९५८ सालीं मॅरुग यांना त्याचें पेटंट मिळालें. पुढें १९८३ सालीं तो लंडनच्या रस्त्यांवर आला, आणि आपल्याकडील शहरांत तो आज 'जॅमर' या नांवानें सर्वांच्या परिचयाचा आहे. व्हायोलिन वाजविणाऱ्या हातांनीं ही वस्तु घडवावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पण या कथेंतील मुख्य गोष्ट निराळी आहे. डेन्व्हरला हा जबडा हवा होता तो दंडाच्या चिठ्ठ्या खिशांत कोंबून पुन्हा पुन्हा पसार होणाऱ्या थकबाकीदारांसाठीं. रस्ता मोकळा करणें हें त्याचें काम नव्हतें. पैसे वसूल करणें हें होतें.

हा भेद ध्यानांत घेतला कीं आमच्या ओट्यावरच्या ठरावांतील विसंगति उघडी पडते. मोटार वाटेंत उभी आहे, ही तक्रार. आणि उपाय कोणता, तर ती तेथून हलूं नये अशी तजवीज! एस्. टी. वाला अर्धा तास अडकला होता, तो आतां दोन तास अडकणार. दाराशीं म्हैस आडवी बसली म्हणून तिचे चारी पाय दाव्यानें बांधणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणणार नाहीं. मग तेंच काम गणवेषांतील माणसानें केलें कीं त्याला शिस्त हें नांव कसें मिळतें?

मला ही विसंगति तर्कानें सुचलेली नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. गेल्या वर्षीं वडील बहिणीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं एका मोठ्या शहरीं जाण्याचा प्रसंग आला. शहराचें नांव मुद्दाम देत नाहीं. रुग्णालयाजवळच्या गल्लींत दहा-बारा मोटारी ओळीनें उभ्या होत्या, त्यांच्या शेवटीं मीं आपली लावली. ताईच्या डोळ्याला पट्टी, तिचा हात माझ्या हातांत, अशा थाटांत परत येतों तों चाकाला पिवळा जबडा! कांचेवर एक चिकटपट्टी, तीवर दूरध्वनीचा क्रमांक. तो क्रमांक कोणी उचलीत नव्हतें. मनाईचा फलक कोठें आहे म्हणून शोधूं लागलों, तेव्हां एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचें भलें मोठें कापड दिसलें, आणि त्याच्यामागें तो फलक. पुढाऱ्याच्या उजव्या कानाशेजारून त्याची एक तांबडी कड तेवढी डोकावत होती.

आम्ही एक तास पन्नास मिनिटें तेथें उभे होतों. ताईला शेजारच्या रसवंतिगृहाच्या बांकावर बसविलें. मधल्या वेळांत रुग्णालयाची रुग्णवाहिका त्या गल्लींत शिरली, माझ्या मोटारीपाशीं येऊन थबकली आणि पुन्हा उलटी फिरत मागें गेली. आंत कोण होतें, त्याचें पुढें काय झालें, मला ठाऊक नाहीं. चालकानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मात्र मी विसरलेलों नाहीं. गाडीची किल्ली माझ्या हातांत होती, गाडी बाजूस घेण्याची इच्छा होती, आणि तरी ती वीतभरहि हलवितां येत नव्हती. शेवटीं दुचाकीवरून एक तरुण आला. अंगावर गणवेष नव्हता. मीं फलकाची गोष्ट काढतांच तो म्हणाला, "काका, आधीं पैसे भरा, मग काय तें बोला." मीं पैसे भरले. बोलण्यासारखें त्यानंतर कांहींच उरलें नव्हतें.

त्या तरुणाचें हें एक वाक्य म्हणजे या सर्व पद्धतीचें सार आहे. घरीं आल्यावर वकीलमित्राकडून कायद्याचें पुस्तक आणून वाचलें, आणि पाहतों तों कायदा असें मुळींच म्हणत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२७ वें कलम चाक जखडण्याची परवानगी देतें, हें खरें. पण कोणाला? त्या हद्दींत अधिकार असलेल्या, गणवेषांतील पोलीस अधिकाऱ्याला. केव्हां? वाहन सार्वजनिक जागीं दहा तास किंवा अधिक बेवारशी पडलें असेल तेव्हां, अथवा जेथें वाहन उभें करण्यास कायद्यानें मनाई आहे अशा ठिकाणीं तें उभें असेल तेव्हां. 'कायद्यानें मनाई' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानदाराच्या कपाळावरच्या आठीनें मनाई होत नाहीं. सहकारी गृहसंस्थेच्या चिटणिसानें वहींत ठराव लिहिला म्हणून होत नाहीं. मोठ्या शहरांतून गृहसंस्थांचे आणि व्यापारी संकुलांचे पहारेकरी बाजारांतून आणलेले जॅमर पाहुण्यांच्या चाकांना ठोकतात आणि मनास येईल तो दंड उकळतात. त्यांच्या अंगावरचा गणवेष कायद्यानें सांगितलेला नव्हे, आणि १२७ व्या कलमांत त्यांना थारा नाहीं.

त्याच कायद्यांत दहा कलमें मागें गेलें तर ११७ वें कलम भेटतें. राज्य सरकारनें, किंवा सरकारनें अधिकार दिलेल्या संस्थेनें, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सल्ल्यानें वाहनें कोठें उभीं करावीं त्या जागा ठरवाव्या, असें तें सांगतें. ११६ वें कलम फलक उभारण्याचें आहे. म्हणजे कायद्याच्या मांडणींत फलक आधीं, जागा त्यानंतर, आणि कुलूप सर्वांच्या शेवटीं. स्थानिक नियमांच्या चर्चेंत आम्ही नेमकें उलट्या बाजूनें वाचतों. ११६ आणि ११७ यांना खर्च लागतो, जमीन लागते, चार लोकांशीं वाईटपणा घ्यावा लागतो. १२७ ला एक लोखंडी जबडा आणि एक हुकूम पुरतो, वर पैसेहि येतात. वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमान्वयें आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी यांना आहेच. तो त्यांनीं वापरावा. पण नियम करणें म्हणजे काय केलें असतां शिक्षा होईल तें आधीं लोकांना कळविणें. मागाहून कळतो तो नियम कसला?

येथें मला आमच्या लहानपणींच्या कोंडवाड्याची आठवण होते. तरुण वाचकांनीं कदाचित् तो पाहिलाहि नसेल. मोकाट गुरूं कोणाच्या शेतांत शिरलें तर तें हांकून कोंडवाड्यांत घालीत, आणि मालकाला दंड व वैरणीचे पैसे भरून सोडवून आणावें लागे. ही व्यवस्था १८७१ च्या कायद्यानें बांधलेली होती. कायदा करणारें सरकार परकें. रयतेच्या प्रेमानें त्याचें हृदय भरून आलें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या कायद्यांत काय होतें पाहा. गुरानें शेतांत नुसता पाय टाकून भागत नसे, नुकसान झालेलें असावें लागे. धरलेलें गुरूं चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्यांत पोंचवावें लागे. तोंवर आपल्या गोठ्यांत डांबून मालकाशीं सौदा करीत बसण्याची सोय नव्हती. कोंडवाड्याच्या रक्षकानें नोंदवही ठेवावयाची. बैलाला किती, म्हशीला किती, शेळीला किती, याचें कोष्टक आणि चारापाण्याचे दर कोंडवाड्यापाशीं ठळक जागीं लावावयाचे. आणि गुरूं गैरवाजवी धरलें असें मालकाला वाटलें, तर दहा दिवसांच्या आंत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार. ती खरी ठरली तर भरलेले पैसे परत, शिवाय १०० रुपयांपर्यंत भरपाई. ते शंभर रुपये १८७१ सालचे होते, हें विसरूं नये.

आतां माझ्या त्या दोन तासांकडे वळा. नुकसान कोणाचें, याची चौकशी नाहीं. दरांचें कोष्टक नाहीं. किती वेळांत कुलूप निघेल याची हमी नाहीं. कुलूप चुकीनें ठोकलें असेल तर भरपाई कोण देणार, याचा पत्ता नाहीं. दीडशें वर्षांपूर्वींच्या बैलाच्या धन्याला जो न्याय मिळत होता तो आजच्या नागरिकाला स्वतःच्या नगरसंस्थेकडून मिळूं नये, यांत आम्हां सुशिक्षितांना कांहींच खटकत नाहीं. उलट ओट्यावर उभे राहून आम्ही त्याचीच मागणी करतों!

ज्या देशांकडून आम्हीं ही युक्ति उचलली, त्यांनीं तिचे काय केलें तेंहि पाहण्यासारखें आहे. स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयानें १९९२ सालीं खाजगी जागेंतील चाकाला कुलूप घालून पैसे मागणें म्हणजे खंडणी आणि चोरी होय, असा निर्णय दिला. लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागांत प्रकृति बिघडल्यामुळें एक बाई मोटार थांबवून उतरली. तेवढ्या अवधींत चाक जखडलें गेलें. मनाईचा फलक शेजारच्या मोठ्या गाडीआड झांकला गेला होता. २००० सालीं अपील न्यायालयानें नगरसंस्थेविरुद्ध निकाल दिला: जो फलक तिनें पाहिलाच नाहीं त्याची अट तिनें मान्य केली असें कसें म्हणतां येईल? हें वाचतांना मला तो पुढाऱ्याचा उजवा कान आठवला. पुढें २०१२ च्या कायद्यानें इंग्लंड-वेल्समध्यें खाजगी जागेंत चाक जखडणें हाच गुन्हा ठरला.

आमच्या राज्यांतलीं उदाहरणें जॅमरपेक्षां त्याच्या थोरल्या भावाचीं, म्हणजे वाहन उचलून नेणाऱ्या यांत्रिक गाडीचीं अधिक आहेत. मुंबईंत मालाड येथें २०१७ च्या नोव्हेंबरांत एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन आंत बसलेली असतांना मोटार ओढून नेण्यांत आली. शिपाई निलंबित झाला. पुण्याच्या नाना पेठेंत २०२१ च्या ऑगस्टांत दुचाकी तिच्या स्वारासकट अधांतरीं उचलली गेली. २०२२ सालीं मुंबईच्या पोलीस आयुक्तांनीं ही उचलाउचल प्रयोग म्हणून थांबविली होती. ती पुढें पुन्हा सुरू झाली. या प्रसंगांत त्या त्या शिपायाला दोष देऊन आपण मोकळे होतों, पण ज्या व्यवस्थेंत प्रत्येक पकडलेल्या वाहनामागें कंत्राटदाराच्या पदरांत कांहीं पडतें, तींत वाहनांची संख्या कमी व्हावी असें कोणाला वाटणार?

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें. आमचे वकीलमित्र म्हणतात, "धाक नको का? मुंबईचा माणूस तुमच्या फलकाला भीक घालणार नाहीं." धाक हवा. पण २०१९ च्या दुरुस्तीनें १७७ व्या कलमाचा दंड पहिल्या गुन्ह्यास १०० चा ५०० रुपये झाला आहे, आणि पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत आहे. शिपायानें छायाचित्र घ्यावें, ई-चलन मालकाच्या मोबाईलवर जावें. गाडी जागच्या जागीं अडकवून ठेवण्याची जरूर काय? यावर ते दुसरा बाण काढतात. ई-चलनें कोणी भरीत नाहींत, राज्यांत त्यांची कोट्यवधि रुपयांची थकबाकी आहे. हा बाण वर्मीं लागणारा आहे, आणि त्याचें उत्तर टाळण्याची माझी इच्छा नाहीं. जो माणूस दहा चलनें थकवितो, नोटिशीला दाद देत नाहीं, न्यायालयांत हजर होत नाहीं, त्याच्या चाकाला, त्याच्या दारांत, कुलूप घाला. डेन्व्हरनें हा जबडा काढला तो त्याच्यासाठींच. पण ज्याच्या नांवावर एकहि चलन नाहीं, ज्याला फलक दिसला नाहीं, ज्याच्या गाडींत म्हातारी आहे, त्याला आणि या निर्ढावलेल्याला एकाच खुंट्याला बांधणें हा न्याय नव्हे. आणि पेठेच्या ऐन अरुंदींत तर कोणाचेंच चाक जखडूं नये. तेथें ध्वनिक्षेपकावरून क्रमांक पुकारा, दोन पोरांना धांवडवा, मालक सांपडेल. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे ध्वनिक्षेपकांची वाण नाहीं.

पण मला खरें भय वाटतें तें आमच्या स्वतःच्या मनाचें. देवरूख असो कीं पुणें असो, मध्यमवर्गीय वस्तींतून फिरा. फाटकाफाटकावर पाटी दिसते: 'येथें गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.' रस्ता सार्वजनिक, गाडी दुसऱ्याची, आणि शिक्षा सांगणारा कोण, तर घरमालक! त्याच घरमालकानें बांधकामाच्या नकाशांत वाहनासाठीं दाखविलेल्या जागेंत पुढें एक गाळा काढून भाड्यानें दिलेला असतो, आणि स्वतःची मोटार तो रस्त्यावर लावतो. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमांत कोणत्या इमारतीला किती वाहनांची जागा हवी याचें कोष्टक आहे. तें पाळलें गेलें कीं नाहीं हें नगरपंचायतींत जाऊन विचारणारा गृहस्थ मला अजून भेटावयाचा आहे. दुकानदार आपल्या पायरीपुढें दगड, कुंड्या, रिकामे खोके मांडून रस्ता राखून ठेवतो. त्याला जॅमर कोण लावणार? आमच्या ओट्यावरच्या सभेंतहि एका सभासदाची मोटार, सांगावयास हरकत नाहीं, वळणावरच उभी होती. ती स्थानिक असल्यामुळें कोणाच्या नजरेस आली नाहीं. हवा सोडण्याच्या पाटीमागें जी वृत्ति आहे तीच आतां सरकारी लोखंडाचा आधार मागत आहे. नियम व्हावा, पण तो परक्यासाठीं. कुलूप असावें, पण तें मुंबईच्या क्रमांकाला.

हे मुंबईचे क्रमांक तरी कोणाचे? आमच्याच भावांचे आणि पुतण्यांचे. वर्षांतून दोनदां, गणपतींत आणि शिमग्याला, ते घरीं येतात, पेठेंत चार पैसे खर्च करतात, आणि संक्रांतीला जमलें तर मारळला मार्लेश्वराच्या लग्नाला जातात. त्या यात्रेंत कोणी जॅमर घेऊन फिरूं लागला तर त्याची काय गत होईल तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

जुन्या बाजारगांवांना गाडीतळ असे. रत्नागिरींत तें नांव अजून ऐकूं येतें. बैलगाडी बाजारांत घुसवूं नये, हें शेतकऱ्याला कोणी कुलूप दाखवून शिकविलें नव्हतें. बैल सोडावयास सांवली आणि पाजावयास पाणी जेथें मिळे तेथें तो आपण होऊन गाडी सोडी आणि पायीं बाजार करी. देवरूखास आज मोटारींचा असा तळ पेठेपासून पांच मिनिटांच्या अंतरावर हवा आहे, सणाच्या आठ दिवसांपुरता कां होईना. त्याची पाटी संगमेश्वराच्या आणि साखरप्याच्या, दोन्ही वाटांवर गांवांत शिरण्यापूर्वींच लागावी. मनाईच्या जागांची यादी नगरपंचायतीच्या आणि पोलीस ठाण्याच्या दारावर आधीं लावली जावी, आणि ती लावतांना वाढदिवसाचें कापड कोठें टांगलें आहे तेंहि पाहून घ्यावें. जागा कोणाची घ्यावी, भाडें किती द्यावें, हें ठरवावयाचें तर भातकापणीनंतर लगेच बसावें लागेल; कारण भाद्रपदांत आमच्याकडची मोकळी जमीन म्हणजे गुडघाभर चिखल, आणि तेथें मोटारी उभ्या करावयाच्या तर पावसाळ्यापूर्वीं जांभ्याची खडी अंथरून झाली पाहिजे.